डीबीए व्हायचंय? आधी एक डेटाबेस मुद्दाम मोडा

डीबीएचं, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या ॲडमिनिस्ट्रेटरचं काम शिकायचं म्हणून बरेच जण आधी एसक्यूएल घोटून घेतात, एखादं सर्टिफिकेशन करतात, इंटरव्ह्यूत नॉर्मलायझेशनच्या पायऱ्या धडाधड सांगतात, आणि पहिल्यांदा रात्री फोन वाजतो तेव्हा मात्र कीबोर्डवर बोटं अडतात. अभ्यास कमी पडतो असं नाही, पण आजवर हातून कधी काही मोडलेलंच नसतं, त्यामुळे अडकलेला डेटाबेस कसा दिसतो, लॉगमध्ये कुठली ओळ येते, कुठल्या कमांडला किती वेळ लागतो हे डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. म्हणून माझ्याकडे कुणी शिकायला आलं की मी एकच सांगतो, स्वतःचा प्रॅक्टिसचा डेटाबेस उभा करा, तो ठरवून एकेका पद्धतीने मोडा, आणि दर वेळी घड्याळ लावून परत उभा करा. खालचे सराव मी स्वतः केलेत आणि अजूनही अधूनमधून करतो, कारण हात लगेच विसरतात.

उदाहरणं पोस्टग्रेस या डेटाबेसची घेतोय, कारण ते फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. मायएसक्यूएल, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर यात कमांडची नावं बदलतात, दुखणी बरीचशी तीच राहतात.

लॅब उभी करताना

डॉकरमध्ये एक कंटेनर (लॅपटॉपवरच चालणारी वेगळी बंदिस्त जागा) पुरे, व्हर्जन मात्र तुमच्या प्रॉडक्शनवर आहे तेच घ्या. पोस्टग्रेसबरोबर पीजीबेंच नावाचं चाचणीचा डेटा आणि ट्रॅफिक तयार करणारं टूल येतं, त्यात स्केल ५० दिलं की अकाउंट्सच्या टेबलात ५० लाख रो तयार होतात. सरावाला एवढा डेटा हवाच. हजार रोच्या टेबलावर सगळंच फास्ट असतं आणि त्यातून काहीही शिकायला मिळत नाही.

एकाच वेळी तीन टर्मिनल उघडी ठेवायची सवय लावा, बरेचसे सराव दोन-तीन सेशनशिवाय होतच नाहीत. आणि बाजूला एक वही किंवा टेक्स्ट फाइल, ज्यात प्रत्येक सरावाची तारीख, काय मोडलं, काय दिसलं, किती मिनिटं लागली एवढं लिहायचं. हीच वही पुढे तुमचं रनबुक, म्हणजे अडचणीच्या वेळी काय करायचं याची मार्गदर्शिका होते.

सराव पहिला: बॅकअप नाही, रिस्टोर

यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण डीबीएच्या नोकरीत बाकी सगळं थोडं इकडेतिकडे झालं तरी निभावतं, हे नाही निभावत.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये (डेव्हलपरांचा कोड ठेवणारी सेवा) जे झालं ते प्रत्येक डीबीएने नीट समजून घ्यावं. मुख्य डेटाबेसची (प्रायमरी) दुसऱ्या सर्व्हरवर सतत प्रत (रेप्लिका) ठेवणारं रेप्लिकेशन बिघडलं होतं, एक इंजिनिअर रात्री उशिरा ते दुरुस्त करत होता, रेप्लिकाची डेटा डिरेक्टरी रिकामी करायची होती आणि डिलीटची कमांड चालली प्रायमरीवर. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबीच्या आसपास उरलं होतं. आता चुकीच्या सर्व्हरवर कमांड चालणं हे कुणाच्याही हातून होऊ शकतं, मला खरा हादरा पुढच्या भागाने बसला. रोजचा डंप (डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत) घेणारा जॉब पोस्टग्रेसच्या जुन्या व्हर्जनचं टूल वापरत होता, त्यामुळे डंप गुपचूप फेल होत होता, आणि फेल झाल्याचे ईमेल मेल सर्व्हरकडूनच नाकारले जात होते, म्हणजे कुणाला पत्ताच नाही. शेवटी वाचवलं कशाने, तर साधारण सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी कुणीतरी हाताने घेऊन ठेवलेल्या स्नॅपशॉटने. त्यांनी हे सगळं जसंच्या तसं जाहीर केलं याबद्दल मला त्यांचा खरंच आदर वाटतो, त्यातून जगभरच्या लोकांना शिकायला मिळालं.

तर सराव असा. डब्ल्यूएएल (प्रत्येक बदल आधी जिथे लिहिला जातो तो लॉग) दुसरीकडे साठवणारं आर्कायव्हिंग चालू करा (आर्काइव्ह मोड बदलला की रिस्टार्ट लागतो), पीजी-बेसबॅकअपने पूर्ण बॅकअप घ्या, मग पीजीबेंच पाच-दहा मिनिटं चालवून डेटा हलता ठेवा. आता घड्याळात वेळ बघा, लिहून ठेवा, एक मिनिट थांबा आणि अकाउंट्सचं टेबल ड्रॉप करून टाका. काम एवढंच की लिहून ठेवलेल्या क्षणापर्यंतचा डेटा परत आणायचा.

वाचायला सोपं वाटतं पण पहिल्यांदा करताना तीन ठिकाणी अडतंच, मीही अडलो होतो. एक, रिकव्हरीची टार्गेट वेळ टाइमझोनसकट लिहा, कंटेनरचं घड्याळ बहुतेक वेळा यूटीसीवर असतं आणि तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाची वेळ टाकता, मग सर्व्हर भलत्याच क्षणी थांबतो किंवा थांबतच नाही. दोन, डब्ल्यूएएलचा एक सेगमेंट १६ एमबीचा असतो आणि तो भरल्याशिवाय आर्कायव्हला जात नाही, लॅबमध्ये ट्रॅफिक थांबलं की शेवटचा सेगमेंट जुन्याच जागी पडून राहतो, मग रिकव्हरी टार्गेटपर्यंत पोचतच नाही आणि नव्या व्हर्जनमध्ये तसा एरर देऊन सर्व्हर बंद पडतो. त्यासाठी टेबल ड्रॉप केल्यावर पीजी-स्विच-वॉल हे फंक्शन चालवून सेगमेंट पुढे ढकला. तीन, रिकव्हरी टार्गेटला पोचली की डीफॉल्टने तिथे पॉझ होते, म्हणजे सिलेक्ट चालतात पण एकही इन्सर्ट होत नाही, आणि नवीन माणूस घाबरतो की रिस्टोर खराब झाला. खराब झालेला नसतो, तो तुम्हाला विचारतोय की हाच क्षण हवा होता का, बघून घ्या. टेबल दिसतंय, काउंट बरोबर आहे याची खात्री केली की रिझ्यूम करा, मग डेटाबेस लिहिण्यासाठी उघडतो.

आणि हो, रिस्टोर नेहमी नव्या डिरेक्टरीत किंवा नव्या कंटेनरमध्ये. जुन्यावर कधीही नाही, तो कितीही खराब झालेला असला तरी.

वहीत दोन आकडे लिहा, रिस्टोरला किती मिनिटं लागली आणि किती मिनिटांचा डेटा गेला. नंतर कुणी मॅनेजरने विचारलं की डेटाबेस गेला तर किती वेळात परत येईल, तर तुमच्याकडे अंदाज नसेल, मोजलेला आकडा असेल. फक्त लॅबच्या छोट्या डेटाचा आकडा प्रॉडक्शनला सरळ गुणून लावू नका, प्रॉडक्शनच्या बॅकअपवरही वर्षातून दोन-चार वेळा हाच रिस्टोर वेगळ्या मशीनवर करून बघा. एसक्यूएल सर्व्हरवाल्यांनी इथे रिकव्हरी मॉडेल तपासावं, फुल मॉडेल आहे आणि लॉग बॅकअप कुणी लावलेच नाहीत तर लॉग फाइल फुगत जाते आणि मधल्या क्षणावर परतही जाता येत नाही.

सराव दुसरा: एक साधा आल्टर आणि सगळं ठप्प

आधी माझा अनुभव सांगतो. भर दुपारी एका टेबलात एक कॉलम वाढवायचा होता, डीफॉल्ट व्हॅल्यू नाही, काही नाही, असा कॉलम टाकायला मिलिसेकंद लागतात हे मला माहीत होतं म्हणून मी बिनधास्त एंटर दाबला. कर्सर नुसता लुकलुकत राहिला. पाच सेकंद, दहा सेकंद, आणि मग चॅटवर मेसेज यायला लागले की लॉगिन होत नाही, ऑर्डर दिसत नाहीत, सगळ्या स्क्रीन फिरतायत. मला वाटलं सर्व्हर गेला, सीपीयू बघितला तर जवळजवळ शून्य. एवढा शांत सर्व्हर आणि ॲप्लिकेशन बंद, हे चित्र मी तोवर पाहिलंच नव्हतं आणि त्यामुळे कारण सापडायला बारा मिनिटं गेली.

आता हे तुमच्या लॅबमध्ये करा. पहिल्या टर्मिनलमध्ये बिगिन टाकून अकाउंट्सवर एक साधा सिलेक्ट चालवा आणि कमिट न करता तसंच सोडा. दुसऱ्यात त्याच टेबलावर आल्टर टेबल ॲड कॉलम चालवा, तो अडकेल. तिसऱ्यात त्याच टेबलावर सिलेक्ट करा. तोही अडकतो! सिलेक्टचं सिलेक्टशी काही भांडण नसताना. कारण आल्टरला ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक हवाय, म्हणजे तेवढा वेळ टेबल फक्त त्याच्या ताब्यात, तो पहिल्या सेशनमुळे रांगेत उभा आहे, आणि त्याच्या मागून येणारे सगळे त्याच्या मागे रांग लावतात. म्हणजे कुणाचं तरी विसरलेलं एक ट्रान्झॅक्शन आणि एक निष्पाप आल्टर, दोघं मिळून अख्खं ॲप्लिकेशन खाली आणतात.

चौथं टर्मिनल उघडा आणि पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी (कुठलं सेशन काय करतंय ते दाखवणारा व्ह्यू) बघा, त्यात पीजी-ब्लॉकिंग-पिड्स हे फंक्शन जोडा. तिसऱ्याला दुसरा अडवतोय, दुसऱ्याला पहिला, अशी साखळी स्वच्छ दिसेल आणि पहिल्याची स्टेट असेल आयडल इन ट्रान्झॅक्शन. आता पहिल्यावर कॅन्सलचं फंक्शन वापरून बघा, काहीच होणार नाही, कारण कॅन्सल चालू क्वेरीला लागतं आणि इथे क्वेरी चालूच नाहीये. टर्मिनेटच करावं लागतं. हा फरक रात्री तीन वाजता शोधत बसण्यापेक्षा आत्ता हाताने बघून ठेवा.

यावर उपाय सोपा आहे आणि तो मी आता न चुकता करतो, आल्टरच्या आधी त्या सेशनमध्ये लॉक टाइमआउट दोन सेकंद लावायचा, नाही मिळाला लॉक तर आल्टर स्वतःच मागे हटेल, थोड्या वेळाने परत ट्राय करायचं. लोक थांबले तर दोन सेकंद थांबतील, बारा मिनिटं नाही. मायएसक्यूएलमध्ये याचंच भावंड म्हणजे मेटाडेटा लॉक, प्रोसेसलिस्टमध्ये तसं लिहूनच येतं, आणि तिथे या लॉकसाठी थांबायची डीफॉल्ट मुदत ३,१५,३६,००० सेकंद आहे, म्हणजे पूर्ण एक वर्ष. वाचून कुणालाही धक्का बसेल, पण आहे तसं, म्हणून मायग्रेशनच्या (टेबलांची रचना बदलण्याच्या) सेशनमध्ये ती कमी करूनच घ्या.

डेडलॉकचाही, म्हणजे दोन सेशन एकमेकांसाठी अडकून बसण्याचाही सराव याच बैठकीत उरकून टाका, दोन सेशन, दोन रो, उलट्यासुलट्या क्रमाने अपडेट. पोस्टग्रेस एक सेकंद थांबून तपासतो आणि दोघांपैकी एकाला एरर देतो. लॉगमध्ये कुठली प्रोसेस कुणासाठी थांबली होती ते पूर्ण लिहिलेलं येतं, ते शांतपणे एकदा वाचा, डेव्हलपरला समजावताना उपयोगी पडतं.

सराव तिसरा: एक्सप्लेन वाचायला शिका, इंडेक्स मारत सुटू नका

स्लो क्वेरी आली की इंडेक्स टाकायचा, हा आपल्याकडचा सगळ्यात पसरलेला आजार आहे. स्वतःचं एक ऑर्डर्सचं टेबल बनवा, जनरेट-सिरीजने ५० लाख रो, त्यात ग्राहक क्रमांक, तारीख आणि स्टेटस, स्टेटसमध्ये ९९ टक्के पूर्ण आणि १ टक्का बाकी. स्टेटसवर इंडेक्स टाका, ॲनालाइझ (टेबलाची स्टॅटिस्टिक्स गोळा करणारी कमांड) चालवा आणि दोन्ही स्टेटससाठी एक्सप्लेन ॲनालाइझ (क्वेरी कशी चालली ते दाखवणारी कमांड) बघा. बाकी शोधताना इंडेक्स वापरला जाईल, पूर्ण शोधताना प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) सरळ अख्खं टेबल वाचायचं ठरवेल, यालाच सिक्वेन्शियल स्कॅन म्हणतात. आणि तो बरोबरच करतोय, ९९ टक्के रो हव्यात तर इंडेक्समधून एकेक उचलून आणणं महाग पडतं. सिक्वेन्शियल स्कॅन दिसला की दचकायचं नाही हे या एका सरावातून कायमचं डोक्यात बसतं.

मग ग्राहक क्रमांक आणि तारीख असा जोड इंडेक्स करा आणि फक्त तारखेवर शोधून बघा, नंतर कॉलमला फंक्शन लावून शोधा, इंडेक्स असूनही बहुतेक वेळा कामी येत नाही हे दिसेल. प्लॅन वाचताना वेळेच्या आधी दोन आकडे बघायचे, प्लॅनरला किती रो येतील वाटलं होतं आणि खरंच किती आल्या. अंदाज १० चा आणि आल्या ४ लाख, असं कुठे दिसलं की तिथेच थांबा. बरेचदा स्टॅटिस्टिक्स जुनी झालेली असतात किंवा दोन कॉलमचं एकमेकांशी नातं प्लॅनरला माहीत नसतं. हे मुद्दाम घडवून बघायचं असेल तर त्या टेबलाचं ऑटोव्हॅक्यूम (पोस्टग्रेसची आपोआप चालणारी साफसफाई, ॲनालाइझही तीच चालवते) बंद करून २० लाख नवीन रो टाका आणि ॲनालाइझच्या आधी आणि नंतरचा प्लॅन शेजारी शेजारी ठेवा.

एक सावधगिरी. एक्सप्लेन ॲनालाइझ क्वेरी खरोखर चालवतो. अपडेट किंवा डिलीटचा प्लॅन बघायचा असेल तर बिगिन आणि रोलबॅकच्या मध्येच.

सराव चौथा: डिलीट केलं तरी जागा का सुटत नाही

टेबलाची साइज मोजा. सगळ्या रोवर एक अपडेट चालवा, परत मोजा, जवळजवळ दुप्पट झालेली असेल. कारण पोस्टग्रेस जुनी रो जागच्या जागी बदलत नाही, नवीन प्रत लिहितो आणि जुनी पडून राहते. आता अर्ध्या रो डिलीट करा, साइज हलत नाही. व्हॅक्यूम (मेलेल्या रो साफ करणारी कमांड) चालवा, तरी फारशी हलत नाही, फक्त ती जागा पुढच्या डेटाला वापरता येते. व्हॅक्यूम फुल केलं की साइज उतरते, पण तेवढा वेळ टेबलाला कुणी हात लावू शकत नाही आणि नवीन प्रतीसाठी डिस्कवर वेगळी जागाही लागते, म्हणून डिस्क भरलीय म्हणून व्हॅक्यूम फुल करायला जाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

याचाच पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. एका सेशनमध्ये रिपीटेबल रीडने (सुरुवातीला दिसलेलाच डेटा शेवटपर्यंत दिसतो असा मोड) ट्रान्झॅक्शन उघडा, एक सिलेक्ट करा, सोडून द्या. दुसऱ्यात मोठा अपडेट करून व्हॅक्यूम व्हर्बोज चालवा. तो सांगेल की इतक्या रो मेलेल्या आहेत पण अजून काढता येत नाहीत. कुणाचा तरी रिपोर्ट सहा तास चाललाय आणि दुसरीकडे टेबलं फुगतायत, यांचा संबंध असा असतो.

ऑटोव्हॅक्यूमचं डीफॉल्ट गणितही एकदा हाताने करून बघा. टेबलाच्या २० टक्के अधिक ५० रो मेल्या की तो जागा होतो. हजार रोच्या टेबलाला हे ठीक आहे, १० कोटींच्या टेबलाला म्हणजे २ कोटी मेलेल्या रो साठेपर्यंत वाट बघणं. मोठ्या टेबलांसाठी हा टक्का टेबलापुरता कमी करा. आणि व्हॅक्यूम आडवा येतो म्हणून बंद करून ठेवायचा विचार कधी आला तर आठवा की ट्रान्झॅक्शन आयडी ३२ बिटचा आहे, साधारण २०० कोटींच्या पुढे जुने-नवे ओळखता येणार नाही, म्हणून २० कोटींचं वय झालं की पोस्टग्रेस बंद केलेला व्हॅक्यूमही जबरदस्तीने चालवतो, आणि तो नेमका तुमच्या गर्दीच्या वेळेलाच येऊ शकतो.

डिस्क भरणे

हा छोटा सराव. एक फिजिकल रेप्लिकेशन स्लॉट (रेप्लिकाने कुठपर्यंत वाचलं याची प्रायमरीवरची नोंद) तयार करा, लगेच रिझर्व्ह करायला सांगा, त्याला कुणी जोडू नका आणि पीजीबेंच चालवत ठेवा. डब्ल्यूएएल जिथे असतो ती पीजी-वॉल डिरेक्टरी वाढत जाते, कमाल साइजचं सेटिंग १ जीबी असलं तरी, कारण स्लॉट म्हणतोय की माझ्या रेप्लिकाने अजून वाचलेलं नाही. स्लॉट ड्रॉप करा, चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवणारी कमांड) द्या, जागा परत येते. बंद केलेल्या रेप्लिकाचा स्लॉट विसरल्याने प्रायमरीची डिस्क भरल्याचं मी पाहिलंय, स्लॉटसाठी कमाल साइजची मर्यादा लावता येते ती लावूनच ठेवा.

त्या डिरेक्टरीतल्या फाइल हाताने डिलीट करायच्या नाहीत. आधी तिचं नाव पीजी-एक्सलॉग होतं, लोक नुसते लॉग समजून उडवायचे आणि डेटा कायमचा जायचा, म्हणून व्हर्जन १० मध्ये नावच बदललं.

रोजच्या सवयी

प्रॉडक्शनच्या टर्मिनलचा प्रॉम्प्ट लाल करा आणि त्यात सर्व्हरचं नाव ठेवा, दहा मिनिटांचं काम आहे. रोजच्या बघण्यासाठी फक्त रीड-ओन्ली युजर, सुपरयुजरने लॉगिन करायचं ते ठरवून, काम झालं की बाहेर. हाताने कुठलाही अपडेट करायचा तर आधी त्याच व्हेअरने सिलेक्ट काउंट, मग बिगिन, मग अपडेट, आलेला आकडा मगाचच्या काउंटशी जुळला तरच कमिट, आणि कमिट-रोलबॅक यातलं एक लगेच, मध्ये चहाला उठायचं नाही, नाहीतर दुसऱ्या सरावातलं पहिलं सेशन तुम्हीच. मायएसक्यूएलच्या क्लायंटला सेफ-अपडेट्स असा एक ऑप्शन आहे, तो व्हेअरमध्ये की नाही आणि लिमिटही नाही असा अपडेट चालवूच देत नाही, लावून टाका.

पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स (कुठली क्वेरी किती वेळा चालली आणि किती वेळ लागला हे मोजणारं एक्स्टेन्शन) पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. आठवड्यातून एकदा एकूण वेळेनुसार वरच्या दहा क्वेरी बघायच्या, एका वेळच्या वेळेनुसार नाही. चार सेकंदांची क्वेरी दिवसातून दोनदा चालते ती राहू दे, पण तीन मिलिसेकंदांची दिवसात कोटीवेळा चालते तिथे सर्व्हर खर्च होतोय.

जोडीने करायचा सराव

हे सगळं एकेकदा झालं की टीममधल्या एकाला लॅबचा ताबा द्या आणि सांगा की मला न सांगता एक गोष्ट बिघडव. एखादा इंडेक्स ड्रॉप कर, ट्रान्झॅक्शन उघडं ठेव, कनेक्शनची मर्यादा १०० वरून १० वर आण, आर्कायव्हच्या फोल्डरची परमिशन काढ, काहीही. तुम्हाला फक्त तक्रार मिळेल, तीही खऱ्या आयुष्यात मिळते तशीच, "स्लो झालंय बघा जरा". घड्याळ लावा. दिसलेली प्रत्येक गोष्ट आणि मनात आलेली प्रत्येक शंका वहीत उतरवत जा, कारण सापडल्यावर चुकीच्या वाटेवर किती वेळ गेला तेच वाचायचं असतं. मग भूमिका बदला. आर्कायव्हच्या परमिशनवाला बिघाड मात्र नक्की ठेवा, त्यात कुणाचीच तक्रार येत नाही, ॲप्लिकेशन मस्त चालू राहतं, आणि पीजी-स्टॅट-आर्कायव्हर या व्ह्यूमधला फेल्ड काउंट (आर्कायव्ह किती वेळा फसला) बघायची सवय नसेल तर तुमचा बॅकअप तिथेच थांबलेला असतो.